जाळीचे हेडफोन

अख्ख्या ठाणे जिल्ह्यात खऱ्या अर्थाने ऐकणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या ताईचा थोरला दीर असावा, हा माझ्यावर झालेला अन्याय आहे असं मी आजही मानतो. बाकी आम्ही सगळे बोलणारे. मी तर बोलणाऱ्यांच्याच घरात वाढलो. कोपरीतल्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली वडिलांच्या पत्रकांचे गठ्ठे असत, आणि मला अक्षरओळख झाली ती 'जाहीर' आणि 'धिक्कार' या दोन शब्दांवरून. वडील सभेला, आई शाळेत शिकवायला, म्हणून दिवसभर घरात मी आणि माझ्याहून आठ वर्षांनी मोठी ताई. मी जे काही लिहीन ते आधी ताईला वाचून दाखवायचं, हा माझ्या दहाव्या वर्षापासूनचा शिरस्ता. ती हातातलं काम करत ऐकायची आणि शेवटी "छान" म्हणायची. समाज बदलायला एवढा एक श्रोता पुरेसा आहे अशी माझी खात्री होती. मग तिचं लग्न झालं, ती डोंबिवलीला गेली, आणि त्या घरात नवऱ्याबरोबर नवऱ्याचा हा बिनलग्नाचा मोठा भाऊही निघाला. घरातले सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही दादा म्हणू लागलो. मनात मात्र मी त्यांना दुसरंच काहीतरी म्हणत असे.

दादा वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. चालू यंत्राच्या बेअरिंगवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "याचे दोन महिने राहिले." मी एकदा त्यांच्या कारखान्याच्या दारावर पत्रकं वाटायला गेलो होतो. दादा बाहेर आले, पत्रक घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "घोषणा देताना तुझा डावा शेजारी अर्धी मात्रा उशिरा येतो रे." अन्यायाविरुद्ध दीडशे माणसं ओरडत होती आणि या गृहस्थाला त्यातला एक उशिरा आलेला ऐकू आला. रागावण्यासारखंच होतं. पण खरं सांगतो, मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. मी मागे वळून त्या डाव्या शेजाऱ्याकडे लक्ष दिलं, आणि तो खरंच उशिरा येत होता.

या माणसाने हेडफोन निवडायला दोन वर्षं घेतली. नौपाड्यातल्या आणि मुंबईतल्या दुकानांत ते आपली एक कॅसेट घेऊन जायचे. दुकानदाराला वाटे, गाण्याची असेल. ती त्यांच्या घराची होती. घराच्या दाराची कडी, माठात पडणारं पाणी, ताईचं लाटणं आणि भावोजींची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची, शिंक. दादांचं म्हणणं असं, की मोठ्या गवयाचा खरा आवाज आपण कुठे रोज समोर बसून ऐकलाय? हेडफोन खरं बोलतात की खोटं, हे ओळखीच्या आवाजावरूनच कळणार. त्यामुळे ते भर दुकानात डोळे मिटून कडी ऐकत आणि हेडफोन परत करत म्हणत, "हे आमची कडी लोखंडी सांगतायत. आमची पितळी आहे." एकदा तर भावोजींना सोबत नेऊन दुकानातच शिंकायला लावलं होतं म्हणतात, पण हे मला भावोजींनीच सांगितलं, तेव्हा थोडं कमी करून घ्यावं. एका दुकानदाराने शेवटी वैतागून कानाला गच्च बसणारे, बंद वाट्यांचे हेडफोन पुढे केले. "हे घ्या साहेब, एकदम पॅक. घरात बॉम्ब फुटला तरी कळणार नाही."

"मग मला कळणार कसं?" दादांनी विचारलं.

"काय?"

"बॉम्ब फुटला ते."

शेवटी त्यांनी घेतले ते मागून उघडे हेडफोन. कानावरच्या वाट्यांना पाठीमागे नुसती जाळी. आतलं गाणं बाहेर येतं आणि बाहेरचं जग आत जातं. घरी आणल्यावर भावोजींनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "दादा, हे म्हणजे दार नसलेलं कपाट झालं." दादा म्हणाले, "दार नसलं की वारा खेळतो. बंद वाटीत गाणारी बाई आपल्या डोक्यात कोंडल्यासारखी वाटते. यात ती समोर बसते." असलं वाक्य मला सुचायला हवं होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली त्यांचं नाव लिहायचं टाळलं.

त्या हेडफोनबरोबर राहणं हा अख्ख्या घराचा संसार झाला. बाहेरचा आवाज आत येतो म्हणून ऐन मे महिन्यात पंखा बंद, आणि दादा घामाने निथळत, तोंडावर परमानंद. पंप कधी लागतो, पाणी कधी येतं, वरच्या मजल्यावरची मुलं कधी पलंगावरून उड्या मारतात, याचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ. तळमजल्याला पिठाची गिरणी होती. तिच्यावर दुसऱ्या कुणी सोसायटीकडे अर्ज केला असता. दादांनी पेटी उघडून गिरणीचा सूर शोधला. गिरणी पेटीच्या काळी एक पट्टीत घुमायची. मग त्यांनी काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयांच्या कॅसेटी वेगळ्या काढल्या आणि गिरणी चालू असताना फक्त त्याच लावायच्या असं ठरवलं. गिरणी तंबोरा झाली. बाजरी पडली की ती थोडी उतरते, म्हणून सकाळी खाली जाऊन "आज गहू की बाजरी?" असं विचारून यायचे. गिरणीवाल्याला वाटे, फार आस्थेवाईक गिऱ्हाईक आहे, पण दळण कधीच आणत नाही. हेडफोनचा स्पंज दोन पावसाळ्यांत झिजला आणि दादांच्या केसांत, कानांत काळा चुरा दिसू लागला. तेव्हा त्यांनी जुन्या मलमलच्या धोतराच्या खोळी हाताने शिवल्या आणि दर शनिवारी धुऊन दोरीवर वाळत घालायला सुरुवात केली. शेजारणीने ताईला विचारलं, "अगं, दिवस गेलेत का? टोपडी दिसतायत."

हे सगळं मी हसत हसत सांगतोय, पण तेव्हा हसत नव्हतो. कारण दर रविवारी मी नवा लेख घेऊन डोंबिवलीला जायचो आणि ताई मला दादांची वाक्यं ऐकवायची. "दादा म्हणतात, गाणं सुरू व्हायच्या आधी तंबोरे लावतात ना, ते फार ऐकण्यासारखं असतं." "दादा म्हणतात, मध्ये जागा सोडायला हवी." माझ्या लेखांत जागा कुठेच नसायची, हे तिला ठाऊक होतं. मग एका रविवारी मी गेलो तर ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसलेली, आणि तिच्या कानांवर ते हेडफोन! दादांनी वायरला जोड देऊन, सोल्डरिंग करून, ती आतल्या खोलीतून उंबऱ्यापर्यंत आणली होती. ताईने मला पाहिलं, हसली आणि हाताने 'बस' अशी खूण केली. थांब, अशी. मला. पंधरा वर्षांत तिने मला कधी थांबायला सांगितलं नव्हतं. मत्सर हा खाजगी मालमत्तेतून जन्मणारा रोग आहे असं मी एका पुस्तिकेत ठणकावून लिहिलं होतं. त्या दिवशी उंबऱ्याच्या अलीकडे बसून मी तो अंगावर काढला. कुणाचं तरी सगळं लक्ष दुसऱ्याकडे गेलेलं पाहणं म्हणजे काय, हे मला कुठल्याच पत्रकाने शिकवलं नव्हतं.

नव्वदीची सुरुवात होती. जो तो कशाचं ना कशाचं खाजगीकरण करत होता. मी आठ पानी लेख लिहिला, 'कानांचे खाजगीकरण'. सभेतून, चौकातून, माणसांतून आवाज उचलून एकट्याच्या डोक्यात नेऊन ठेवणाऱ्या प्रवृत्तीवर त्यात मी तुटून पडलो होतो. हेडफोन हा शब्द चौदा वेळा होता. तो लेख घेऊन मी रविवारी थेट डोंबिवली गाठली. दादा आतल्या खोलीत होते. मी मुद्दाम बाहेरच्या खोलीत, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली. दादा बाहेर आले, हेडफोन गळ्यात.

"थांब जरा. रेकॉर्ड करू?"

मला वाटलं, वर्मी लागलं. "करा की," मी म्हणालो.

त्यांनी डेक आणला, माईक लावला, बटण दाबलं. मी पहिल्यापासून वाचलं. ताई नेहमीप्रमाणे खाली बसून तांदूळ निवडत होती, भावोजी पेपर तोंडावर घेऊन आडवे होते. तिसऱ्या पानावर मी उभा राहिलो. शेवटच्या पानाला भावोजी जागे झाले. "झालं?" ताई म्हणाली, "छान." दादांनी बटण बंद केलं. माईक गुंडाळताना एवढंच म्हणाले, "दुसऱ्या पानानंतर घोटभर पाणी प्यायला हवं होतंस."

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा ताई आणि भावोजी बाजारात गेले होते. दादांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. "बस. तुझा लेख मी तीनदा ऐकला. त्यात एक फार सुंदर जागा आहे."

तीनदा! मी खुर्चीवर अवघडून बसलो. शत्रू माणूस, पण गुणग्राहक आहे, असं मनात म्हटलं. कुठली जागा असेल याचा अंदाजही बांधून टाकला. पहिल्या पानावर 'कान हे लोकशाहीचे दार आहे' असं एक वाक्य होतं, तेच असणार. दादांनी ते हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवले. वजनाला हलके, मलमलच्या खोळी गार. बटण दाबलं.

स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकणं ही शिक्षाच असते. मी नाकात बोलतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लोकशाहीचं दार आलं आणि गेलं, दादांचा चेहरा हलला नाही. दुसरं पान आलं, मी घसा कोरडा झाल्यासारखा ओरडत होतो, दादा बरोबर होते. तिसऱ्या पानाला मी उभा राहिल्यामुळे माईकपासून लांब गेलो होतो, माझा आवाज मागे सरकला, आणि दादांनी बोट वर केलं.

ताटात तांदूळ सरकल्याचा आवाज. बांगडी. आणि त्याच्या आतून, तोंड मिटून, कुणीतरी गुणगुणत होतं. गाणं असं नव्हतं. चार सूर वर, तीन खाली, मध्ये थांबणं, पुन्हा तेच थोडं बदलून. मी मागे 'भांडवली बधिरता' म्हणून ओरडत होतो आणि ती माझ्या वाक्यांच्या खालून, मला अजिबात धक्का न लावता, आपल्या वाटेने चालली होती. मी आठ फुटांवर उभा होतो आणि मला यातलं काहीही ऐकू आलं नव्हतं.

"ताई?" मी विचारलं.

"मग काय तुझे भावोजी?"

"ती गाते?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत मला जरासा राग दिसला. "तुझी बहीण आहे ना रे?"

मग मला आठवलं, की ती लग्नाआधी, मी लहान असताना, नौपाड्यात एका बाईंकडे शिकायला जायची. दोन वर्षं गेली, मग बंद झालं. का बंद झालं ते घरात कुणी बोललं नाही. संध्याकाळचा क्लास होता. संध्याकाळी मी माझे निबंध वाचून दाखवायचो.

"परत लावा," मी म्हणालो.

"कुठून?"

"तिथूनच. पण दादा, माझा आवाज जरा कमी करता येईल का?"

दादा हसले. "एकाच फितीवर आहात दोघं. तिचं ऐकायचं तर तुझं सोसावं लागेल. मी तीनदा सोसलं."

"तिला सांगूया ना! परत क्लास लाव म्हणावं. मी येतो तिच्याबरोबर."

"खबरदार. ती चहा घेऊन येते तेव्हा जाळीतून झिरपतं ते ऐकते, आणि आत जाऊन पुढची ओळ धरते. मी पंखा बंद करून बसतो तो काय गवयासाठी? एकदा मी बोललो, 'वा!' तर महिनाभर बंद झालं होतं. ती कुणाला ऐकवत नाही. तिचं तिचं चालतं."

म्हणजे ते दोन वर्षं दुकानादुकानांतून कडी ऐकत हिंडले, ते घर ऐकू यायला हवं म्हणून, आणि घराने त्यांना हे दिलं. मला वीस वर्षं फुकट मिळत होतं.

मी ताईला काही बोललो नाही. माझ्यासारख्याने न बोलणं किती अवघड आहे हे माझे मित्र सांगतील. एकदाच, फारच राहवलं नाही तेव्हा, "ताई, काहीतरी गा ना" म्हणालो. ती म्हणाली, "हे काय खूळ आता? कुकर लावायचाय मला." आणि खरंच दोन रविवार घर गप्प राहिलं. दादा माझ्याशी बोलले नाहीत.

म्हणून मी पुन्हा लेख घेऊन जाऊ लागलो. लांब लेख. संपादक म्हणतात अर्धा करा, मी करत नाही. दुसऱ्या पानापर्यंत ताई खरोखर ऐकते, बिचारी. तिसऱ्याला कधीतरी सुरू होते. तेव्हा मी आवाज हळूहळू उतरवतो, वाक्यं लांबवतो, तोच परिच्छेद पुन्हा वाचतो, तिला कळत नाही. आतल्या खोलीत पंखा बंद होतो. दादा आता निवृत्त झालेत, दिवसभर घरीच असतात, आणि मी ठाण्याला परतल्यावरही ती सात दिवस त्या घरात असते. मी अजूनही त्यांच्यावर जळतो.

हे सगळं मी छापायला देतोय ते एका भरवशावर. ताई माझं छापलेलं काही वाचत नाही. तिने माझं सगळं फक्त ऐकलंय. हा लेख मी तिला वाचून दाखवणार नाही. येत्या रविवारी दुसरं काहीतरी नेईन. पाणीपट्टीवर लिहितोय. बारा पानं झाली आहेत, अजून वाढवतोय.