चेंडू यायच्या आधी

मी तिची मान दोन आठवडे शेकली, आणि दुखणं होतं गुडघ्याचं.

बहरीनच्या हॉस्पिटलांत फिजिओथेरपिस्ट रस्त्यावरून उचलून आणतात असं कुणाला वाटायला नको, म्हणून सांगते, गुडघ्याचं काम मी नीट करत होते. लिगामेंट तुटलं होतं, ऑपरेशन अमेरिकेत झालं होतं आणि पुढचे व्यायाम माझ्याकडे होते. तिच्या नवऱ्याची नोकरी इथे, म्हणून ती इथे आली होती. कित्येक वर्षं अमेरिकेतल्या बायकांच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये मिडफिल्डर म्हणून खेळलेली. वय तेहतीस. पहिल्याच दिवशी टेबलावर बसून तिने मला सांगून टाकलं, "मला अजून एक सीझन खेळायचाय. एकच. क्लबने जागा ठेवलीय, पण उन्हाळ्याआधी हो की नाही ते सांगायचंय."

मी म्हटलं, बघू. आमच्या धंद्यात पी हळद नि हो गोरी चालत नाही.

आता मानेचं. ट्रेडमिलवर चालताना ती मधेच झटकन उजव्या खांद्यावरून मागे बघायची, लगेच डाव्या. लिफ्टपाशी उभी असली तरी तेच, कॉरिडॉरमध्ये चालताना तेच. घरी माझ्या नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कोणीतरी मागावर असेल गं, तू कशाला पडतेस त्या भानगडीत?" नवरा हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला आहे, त्याला प्रत्येक परदेशी माणूस भानगडीचा वाटतो. मी माझ्या शिक्षणाला जागून निदान केलं की मानेचे स्नायू आखडलेत. गुडघा झाला की दहा मिनिटं गरम पॅक. ती डोळे मिटून शांत पडून राहायची. दोन आठवड्यांनी अगदी नम्रपणे म्हणाली, "मला हे खूप आवडतं. पण याचा गुडघ्याशी काय संबंध?"

मी कारण सांगितलं. ती इतकी हसली की पॅक खाली पडला.

"मान ठीक आहे माझी. सवय आहे ती. मधल्या खेळाडूला चारी बाजूंनी लोक असतात. चेंडू यायच्या आधी मागे कोण आहे ते बघून ठेवायचं. चेंडू आल्यावर बघायला वेळच नसतो. शाळेत असताना लागली, आता सुपरमार्केटमध्येसुद्धा सुटत नाही."

मला चौकशीची खोड लहानपणापासूनची. आई म्हणायची, हिला चर्चमध्ये बसवलं तर कन्फेशनच्या पेटीला कान लावेल. त्या दिवसापासून माझे प्रश्न सुरू झाले ते थांबेनात. वसईला आमच्या गावात चर्चच्या मैदानावर फुटबॉल कायम चालायचा, माझे दोन्ही भाऊ खेळायचे, पण मला त्यातली दोनच माणसं ठाऊक होती. एक गोल मारणारा, ज्याला खांद्यावर घेत, आणि एक गोल खाणारा, ज्याला गावभर शिव्या पडत. मधले नुसते घामाघूम होऊन घरी येत.

"मधे उभं राहून तुम्ही करता तरी काय?" मी विचारलं.

तिने टेबलावरचे छोटे डंबेल्स मांडले, चहाचे कागदी कप मांडले. "हा गोल. हा त्याआधीचा पास. टीव्हीवर हे दोन्ही पुन्हा पुन्हा दाखवतात. आता हा त्याच्याही आधीचा पास." तिने सगळ्यात मागच्या कपावर बोट ठेवलं. "ही मी. माझ्यापर्यंत कॅमेरा येत नाही."

"मग लोकांना कळतं कसं?"

"बहुतेकांना नाही कळत."

आणि त्याचं तिला काहीच वाटत नव्हतं! मला मात्र तिच्या वतीने राग आला. मी एखाद्या पेशंटला चालतं केलं आणि श्रेय डॉक्टरने घेतलं, तर आठवडाभर माझं तोंड वाकडं असतं.

व्यायामाच्या मधल्या विश्रांतीत मी तिची सगळी कारकीर्द उकरून काढली. कॉलेजला खेळावर स्कॉलरशिप. पहिल्या क्लबमध्ये पगार इतका बेताचा की एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी माळ्यावरच्या खोलीत राहायची, सकाळी सराव, दुपारी लहान मुलांना शिकवणं. म्हातारीला ऑफसाइड कधी कळलं नाही, पण प्रत्येक मॅचला ती विणकाम घेऊन हजर. मग एका सकाळी फोन, तुला दुसऱ्या क्लबला दिलंय, सामान आवर. "आमच्याकडे शाळामास्तरांची बदली होते तशी?" मी विचारलं. बदली म्हणजे काय ते समजून घेऊन ती म्हणाली, "हो, पण मास्तरांना निदान विचारत असतील." मी म्हटलं, छे, कुठलं! मधे एक वर्ष युरोपातल्या कुठल्याशा थंड देशात, जिथे दुपारीच अंधार पडायचा. एकदा क्लबच बंद झाला. आणि एकदा देशाच्या संघाच्या शिबिराला बोलावणं आलं. आठवडाभर सराव केला, अंगावर देशाचा शर्ट चढवला, बाकावर बसली आणि परत आली. मैदानावर पाऊल नाही.

"वाईट नाही वाटलं?"

"फार छान आठवडा होता तो," ती म्हणाली. हे उत्तर मला अजून पूर्ण कळलेलं नाही.

हळूहळू गुडघा भरून आला. संध्याकाळी ती अरादला किल्ल्याजवळच्या मैदानावर मुलींना शिकवायला जाऊ लागली. मी माझ्या लेकीला तिथे घातलं, कारण नईम भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये लेक सोफ्यावर आडवी पडून मोबाइल बघण्यापलीकडे काही करत नव्हती. वय तेरा. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. "जेवायला ये" म्हटलं की "कमिंग, मम्मा," आणि येत मात्र नाही.

माझ्याकडच्या चाचण्या एकेक करून उरकल्या. दोन्ही पायांची ताकद सारखी. एका पायावर उडी, वळून उडी, सगळं चोख. मी खूश होते. एका गुरुवारी लेकीला सोडायला गेले ते तिथेच थांबले, म्हटलं आपलं काम मैदानावर कसं दिसतं ते बघू. समुद्राकडून दमट वारा येत होता, किल्ल्यावर दिवे लागले होते. मुलींबरोबर तीही खेळायला उतरली.

आणि मी बघत राहिले मानेकडे. दोन आठवडे शेकलेली मान, दुसरं कुठे बघणार!

मान ऐन वेळी हलेना. चेंडू नसताना इकडे तिकडे फिरायची, पण कुणी तिच्याकडे चेंडू मारला की मान जागच्या जागी थिजायची आणि नजर खाली गुडघ्यावर. तेवढ्यात मागून एखादी पोरगी यायची आणि पायातून चेंडू काढून न्यायची. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा पोरींनी टाळ्या वाजवल्या, तीही हसली. मला हसू येईना.

नंतर गाडीपाशी मी तिला सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभाव. "तू मागे बघत नाहीस."

"काय?"

"चेंडू येतो तेव्हा. गुडघ्याकडे बघतेस."

तिचा चेहरा बदलला. "तूच टेस्ट केलीस. तूच म्हणालीस स्ट्राँग आहे."

"गुडघा स्ट्राँगच आहे. तुझा त्याच्यावर भरवसा नाही."

ती गाडीत बसली आणि निघून गेली. पुढच्या अपॉइंटमेंटला आली नाही. मी स्वतःला भरपूर बोलून घेतलं, की काय गरज होती, फुटबॉलमधलं तुला कळतं काय? पण जे दिसलं ते दिसलं होतं. ती अशीच तिकडे गेली असती तर मागून येणारी पोरगी तेरा-चौदाची नसती, धिप्पाड बाई असती, आणि गुडघा पुन्हा गेला असता.

पुढच्या आठवड्यात ती आली. गुड मॉर्निंग नाही, काही नाही. "तुमच्या भाषेत मागे कुणी आहे हे कसं ओरडायचं? छोटा शब्द हवाय."

तिची युक्ती अशी होती. मान पुन्हा शिकेपर्यंत पाठीमागून कुणीतरी ओरडून सांगायला हवं की मागे माणूस आहे, किंवा मोकळं आहे, वळ. पण इंग्लिश सगळ्यांना कळतं, अरबी निम्म्या पोरींची घरची, हिंदी इथे कुणाला कळत नाही? समोरचा संघही सावध होतो. मराठी समजणारी त्या मैदानावर एकच होती, आणि तिची जागा नेमकी मागच्या फळीत.

"मागे" आणि "वळ", मी म्हटलं.

त्या रात्री जेवताना लेक म्हणाली, "मम्मा, से इट अगेन. व-ळ?" ळ तिच्या जिभेवर बसेना. भांडी घासताना, बूट शोधताना तिचं "वळ, वळ" चालू. कॅटेकिझमच्या वर्गातल्या फादरांना, आजीला, मला जे जमलं नाही ते एका अमेरिकन बाईने न मागता करून दिलं. देवाची करणी आणि नारळात पाणी!

मुलींची मॅच शुक्रवारी मावळतीनंतर होती, एका ऑफिसमधल्या बायकांच्या टीमशी, आणि ती मुलींकडून खेळणार होती. रविवारी क्लबला उत्तर द्यायचं होतं. घोडामैदान जवळच होतं. मी कडेला उभी राहिले आणि सुरुवातीपासून माझ्या लेकीचा आवाज ऐकत राहिले. "मागे! मागे!" चेंडू एका स्पर्शात परत. "वळ!" आणि ती वळायची. समोरच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या, ही पोरगी काय किंचाळतेय म्हणून. शेजारी उभ्या एका बहरीनी आईने मला विचारलंसुद्धा, "शू हाद?" म्हणजे हे काय. मी म्हटलं, काही नाही, आमची घरची भाषा.

मग दुसऱ्या हाफमध्ये कधीतरी लेकीने तोंड उघडलं, आणि ओरडायच्या आधीच ती मान वळली. उजवीकडे. डावीकडे. चेंडू आला तो तिने ऑपरेशन झालेल्याच पायावर घेतला, त्याच पायावर गिरकी घेतली आणि असा काही पास दिला की पलीकडे पोचल्यावर दिसलं, तिथे आमची मुलगी धावत येतेय. तिने तो पुढे दिला आणि पुढचीने गोल मारला. सगळ्या गोल मारणारीकडे धावल्या. मी मधे बघून वेड्यासारखी उड्या मारत होते.

मॅच संपल्यावर ती गवतावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. मी धावतच गेले. "बघितलं मी! सगळं बघितलं! जाणार ना आता?"

"मला सगळं दिसलं," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत. "कितीतरी महिन्यांनी सगळं दिसलं. ती मुलगी पळायच्या आधी मला दिसली."

"मग झालं तर!"

"आधी कसं असायचं, दिसेपर्यंत मी निघालेली असायचे. आज मला दिसलं, आणि मग पाय निघाला." तिने दोन बोटांत जेमतेम फट दाखवली. "एवढाच उशीर. इथे तो कुणाला कळणार नाही. तिथे सगळ्यांना कळेल."

"अगं पण गुडघा..."

"गुडघ्याचं नाही गं. तू तुझं काम केलंस."

माझ्याकडे त्या फटीवर व्यायाम नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि ते मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, "मला भीती होती की हे मला घाबरून सोडावं लागेल. तसं नाही झालं." मैदानावर लेक अजून बाकीच्यांबरोबर चेंडू खेळत होती. आम्ही दोघी तिच्याकडे बघत बसलो.

सोमवारी ती फाइलवर शेवटची सही करायला आली. क्लबला नाही म्हणून कळवलं होतं. मिठी मारून निघाली तशी मी सवयीने दारात उभी राहिले, मान बघायला. लांबलचक कॉरिडॉर, समोरून ट्रॉल्या, व्हीलचेअर, मागून येणारी माणसं. ती सरळ चालत गेली. एकदाही झटका नाही.

टोकाच्या दारापाशी मात्र ती थांबली आणि सबंध वळली. खांद्यावरून नाही, पायांसकट. निवांत उभी राहून, मागे जे काही होतं ते बघत राहिली, अजिबात घाई नसल्यासारखी. मी हात हलवला.