सुई खोटे बोलली नव्हती

"अहवालावर सही करा. दुपारी विहिरीला सील लागणार आहे," प्रयोगशाळाप्रमुख माझ्या टेबलापाशी उभे राहून म्हणाले.

मी सही केली नाही. त्यावरून आजही रिसोडच्या बाजारात सांगितले जाते की सुई जुनी होती, मशीन बिघडले होते. हे साफ खोटे आहे. त्या टेबलावर मी बसलो होतो, सांगणारे नव्हते.

आमची पद्धत समजायला सोपी आहे. सुईच्या पोटात केसाएवढा, लेप दिलेला फायबर असतो. तो पाण्यात बुडवायचा. कीटकनाशक असेल तर त्याला चिकटते. मग फायबर मशीनमध्ये तापवला की चिकटलेले सुटते आणि स्क्रीनवर शिखर उमटते. गिरजाबाईंच्या मळ्यातील विहिरीच्या नमुन्यात ते शिखर उंच होते. त्याच विहिरीवर चार घरे पिण्याचे पाणी भरत.

मी शुद्ध पाण्यात तोच फायबर बुडवून पाहिला. रेघ सपाट. मशीन निर्दोष होते. मला खटकत होते ते निराळेच: विहीर काळ्या मातीतली, आणि नमुना काचेसारखा नितळ.

"तुमच्या हट्टापायी लोकांनी विष प्यायचे का?" प्रमुख कडाडले.

"पाणी भरणे आताच थांबवा. सील उद्या लावा," असे सांगून मी मळा गाठला.

गिरजाबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

"बाई, नमुना कसा भरला?"

"गढूळ पानी साहेबाले कसं द्याव जी? गाळून देल्लं."

"कशातून?"

"आमच्या मालकाच्या दुपट्ट्यातून. फवारनीच्या वक्ती तोंडाले बांधतेत तो. साबनानं धुतला होता न बाप्पा!"

"आणि नमुना न्यायला आलेले आमचे प्रमुख साहेब?"

"त्यायनं जीपातूनच शिशी देल्ली अन् जीपातूनच घेतली. चिखलात बूट कायले घालतीन?"

मी स्वतः पाणी काढले, न गाळता. दुपट्टाही मागून घेतला. दुसऱ्या सकाळी मशीन चालू असताना प्रमुख घड्याळाकडे पाहत होते, मी स्क्रीनकडे. विहिरीच्या पाण्याची रेघ तीनदा तपासूनही सपाट आली. मग शुद्ध पाणी दुपट्ट्यातून गाळले. तेच शिखर, त्याच जागी.

सील लागले नाही. निवृत्तीच्या समारंभात प्रमुखांनी सांगितले की संशय प्रथम त्यांनाच आला होता. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

सुईने शिशीत होते तेच सांगितले. शिशी भरली जात असताना साहेब कोठे बसले होते, हे सांगण्याची सोय तिच्यात नाही. म्हणून ते मी लिहिले.