ताईच्या प्लेटमधला केसरीभात

बाबांना बंगळूर दाखवायची हौस होती आणि ताईला दाखवणं भाग होतं, म्हणून त्यांनी दोन्ही कामं एकाच भाड्याच्या गाडीत बसवली. पुण्याहून, सोलापूरहून, कोल्हापूरहून मुलाकडची माणसं यायची. आमच्या राजाजीनगरच्या घरी पोहे व्हायचे, ताई ट्रे घेऊन यायची, ठरलेले चार प्रश्न व्हायचे, आणि मग बाबा हात चोळत उठायचे. "चला, आता आमचं गाव दाखवतो तुम्हाला!"

गाव म्हणजे बंगळूर. बाबा मूळचे निपाणीकडचे, पण इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागले आणि निवृत्त झाले तरी इथेच राहिले. सिनेमाचं शूटिंग कुठं कुठं झालंय हे त्यांना पाठ. नोकरीत असताना रविवारी आम्हा दोघी बहिणींना घेऊन ते तेच करत फिरायचे. कब्बन पार्कातलं बाकडं दाखवून म्हणायचे, "इथं हिरो रडला." लालबागेतल्या काचघरासमोर म्हणायचे, "इथं दोघं पावसात भिजले, आणि पाऊस टँकरचा बरं का." आम्ही लहानपणी तोंड उघडं टाकून ऐकायचो. पाहुणे तोंड मिटून ऐकायचे आणि मोबाइलवर रील काढायचे.

यात बाबांचा एक डाव होता. मुलामुलीला एकांतात बोलायला सोडणं त्यांच्या जिवावर यायचं, आणि सोडलं नाही तर जमणार कसं हेही कळत होतं. मग लालबागेतल्या मोठ्या खडकावर, वरच्या दगडी बुरुजापाशी, ते मुलाला म्हणायचे, "तुम्ही इथं उभे राहा. हिरो इथंच उभा होता." ताईला म्हणायचे, "तू तिथं." आणि स्वतः बाकीच्यांना घेऊन दुसऱ्या बाजूला तलाव दाखवायला जायचे. तेवढा वेळ त्या दोघांचा.

तेवढ्या वेळात काय बोलणार, कपाळ! एका मुलानं ताईला विचारलं, इथं भाडी किती आहेत. एकानं पाठ फिरवून सेल्फी काढला. एकाची आई खालून ओरडली, "अरे, उन्हात काळा पडशील!"

नंतर मल्लेश्वरमच्या एका जुन्या हॉटेलात खाणं, मग साड्यांचं दुकान. पाहुण्या बायकांचं खरं लक्ष तिथं. एका बाईनं सगळ्या पिशव्या ताईच्या हातात दिल्या आणि ब्लाउजपीस बघायला परत आत गेली. दुसरीनं तिचा गालगुच्चा घेतल्यासारखं करत म्हटलं, "छान आहेस गं, फक्त तुमच्या मराठीला जरा कानडी हेल आहे." आम्ही घरात 'थोडं'ला 'स्वल्प' आणि 'बरं'ला 'सरी' म्हणतो, खरं आहे. त्या बाईच्या मराठीत निम्मं इंग्रजी होतं ते चाललं. संध्याकाळी स्टेशनवर गाडी सुटताना मुलाचा बाप खिडकीतून म्हणायचा, "कळवतो." कळवतो म्हणजे नाही, हे मला कॉलेजात असतानाच समजलं होतं. बाबांना सांगितलं तर चिडायचे.

मग चामराजपेटला एका हळदीकुंकवाला कुणा बाईनं आईला हसत सांगितलं, "तुमच्याकडं आलेले ते सोलापूरचे ना, त्यांनी आमच्या भाच्याला पण सांगितलंय. म्हणे एक दिवस यांच्याकडं उतरा, मुलगी बघा, म्हातारा झकास फिरवतो." आई हळदीकुंकू कपाळाला तसंच ठेवून घरी आली आणि स्वयंपाकघरात रडली. मी बाबांच्या अंगावर ओरडले, "लोक फुकट बंगळूर बघायला येतात, ताईला नाही!" बाबा म्हणाले, "तोंड सांभाळ. पाहुण्याला फिरवायचं नाही तर काय बसवून ठेवायचं?" ताई कपडे वाळत घालत होती. तिनं एक टॉवेल दोनदा झटकला. मला तिची दया येत होती, आणि खरं सांगते, रागही येत होता, कारण माझा नंबर तिच्यामागे अडकला होता.

दिवाळी झाल्यावर पुण्याचे आले. मुलगा कंपनीत होता, नीट बोलायचा, हसला तर डोळ्यांनी हसायचा. खडकावर बाबांनी त्याला हिरोच्या जागी उभं केलं तेव्हा त्यानं खरोखरच हात पसरले आणि ताई हसली. ताई कुणासमोर अशी हसताना मी कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. खाली उतरताना त्यानं विचारलं, "तुम्हाला हे सगळं दर वेळी करावं लागतं?" ती म्हणाली, "हो." तो म्हणाला, "अवघड आहे." बस, एवढंच. पण त्या एवढ्याशावर ताईनं घर बांधलं.

त्यानंतर हॉटेलात गेलो. बाबांनी सगळ्यांना चौ चौ भात मागवला. एका प्लेटमध्ये दोन मुदी येतात, एक तिखट खाराभात, म्हणजे रव्याचा उपमा, आणि एक गोड केसरीभात, म्हणजे केशरी शिरा, तूप सुटलेला. ताईला गोड जात नाही. तिनं खाराभात खाल्ला आणि केसरीभात बाजूला सारला. तो पोरगा बोलता बोलता वाकला, स्वतःचा चमचा तिच्या प्लेटमध्ये घातला आणि तिचा उरलेला केसरीभात खाऊन टाकला. "वाया कशाला घालवायचा?" असं काहीतरी म्हणाला.

आमच्या घरी उष्ट्याचं फार. पाण्याचा तांब्या आम्ही वरून धरून पितो, आईच्या ताटातला घास मी कधी घेतला नाही. आईच्या ताटात उरलेलं फक्त बाबा खातात आणि बाबांच्या ताटातलं आई. ते नवराबायकोचं. ताई लाल झाली. माझा हात तिनं टेबलाखाली इतका दाबला की बांगडी रुतली.

रात्री अंथरुणात ती म्हणाली, "त्यानं माझ्या ताटातलं खाल्लं."

"प्लेटमधलं," मी म्हटलं.

"तुला कळत नाही," ती म्हणाली. तिच्या मनात लग्न तिथंच लागलं होतं.

स्टेशनवर त्याचा बाप म्हणाला होता, "कळवतो." पण नकाराचा फोन आला नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. आमच्याकडं निपाणी-बेळगाव भागात एक रीत आहे, नकार असेल तर निरोप येतो, होकार असेल तर माणसं येतात. बघून गेलेलं माणूस दुसऱ्यांदा उंबरा चढलं की समजायचं, पोरगी पसंत, पुढचं बोला. आपण होऊन फोन करायचा नाही, मुलीच्या बापानं घाई दाखवायची नाही. बाबा घाई न दाखवता रोज फोन चार्ज करून उशाशी ठेवायचे. मधे दोन स्थळं आली, ताईनं बघायलाच नकार दिला. मी म्हटलं, "अगं, तो काय तुझ्यासाठी झुरतोय का तिकडं?" तिनं माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं.

उन्हाळा संपता संपता फोन आला. त्याचे वडील म्हणाले, "येत्या रविवारी सगळे येतोय. गेल्या वेळेसारखी गाडी सांगून ठेवा, सकाळी घरी येतो, मग फिरू." बाबांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. आईनं विचारलं, "कशाला येतायत ते विचारलंत का?" बाबा भडकले. "विचारायचं असतं का असं? दुसऱ्यांदा येतायत! डोकं आहे का तुला?"

आईनं देवापुढं साखर ठेवली. मुलाच्या आईसाठी निळी रेशमी साडी आणली, काठाला चांगली जर होती. मुलाला शर्टपँटचं कापड. नारळ, खण, तांदूळ, पेढे. ताईनं साडी स्वतः निवडली नाही, पण आईनं आणलेली पुन्हा पुन्हा अंगावर धरून बघितली. रविवारी सकाळी तिनं वेणीत मोगरा माळला. ती इतकी चांगली दिसत होती की मलाच कसंतरी झालं.

गाडी थांबली. आधी वडील उतरले, मग आई, मग तो. मग त्यानं हात पुढं केला आणि एक मुलगी उतरली. हिरवा चुडा, हातावर उतरत आलेली मेंदी, नवं कोरं मंगळसूत्र.

"ही आमची सून!" त्याची आई दारातूनच म्हणाली. "वैशाखात उरकलं. इतकी घाई झाली, कुणाला बोलावताच नाही आलं. हिला म्हटलं, हनिमूनला कुठं लांब जायचं, बंगळूरला आपली माणसं आहेत, फिरवतात बघ कसं!"

आपली माणसं! मला वाटलं, हातातली चहाची किटली फेकून मारावी.

ते आत आले. टेबलावर ताट भरलेलं होतं. ती बाई म्हणाली, "अय्या, पेढे कशाचे?" बाबा म्हणाले, "तुमच्या मुलाच्या लग्नाचे." त्यांचा आवाज कुठंच हलला नाही. मी माझ्या बापाचा आयुष्यभर इतका राग केला नव्हता, आणि इतकी माया पण केली नव्हती.

नवी सून पहिल्यांदा घरी आली म्हणजे ओटी भरावीच लागते. आई उठली. दुसरं काही घरात नव्हतं, म्हणून तोच नारळ, तोच खण, आणि तीच निळी साडी तिनं त्या पोरीच्या पदरात घातली. सासूनं काठ उलटून बघितला. "अहो, एवढी भारी कशाला? आम्ही तर नुसतं फिरायला आलो." ताई दारापाशी उभी राहून बघत होती. मी तिचा हात धरला तर तिनं सोडवून घेतला.

बाबा म्हणाले, "मला आज जरा बरं नाही. गाडीवाल्याला सगळं माहीत आहे."

"असं कसं?" त्या बाई म्हणाल्या. "तुमच्याशिवाय काय मजा? ते हिरोचं, हिरॉइनचं कोण सांगणार?"

ताई म्हणाली, "मी येते ना." मोगरा तसाच होता डोक्यात. मी तिला आत ओढून म्हटलं, "वेडी आहेस का? हाकलून दे त्यांना!" ती म्हणाली, "आईबाबांना बसू दे जरा. तू येणार की नाही?" मी गेले. तिला एकटीला कसं पाठवू?

ताईनं सगळं दाखवलं. बाबांचीच वाक्यं, त्याच जागी. इथं हिरो रडला, इथला पाऊस टँकरचा. मी मागून चालत होते आणि मनात एकेकाला शिव्या घालत होते, त्या पोरीला पण, जिचा काही दोष नव्हता. खडकावर सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं उभे राहा बघू, मागच्या वेळेसारखं."

सुनेनं विचारलं, "मागच्या वेळी कोण होतं?"

"या ताई होत्या," तो म्हणाला. "नुसती ॲक्टिंग." आणि मोबाइल पुढं केला. "ताई, काढता का आमचा एक?"

मी ताईला ताई म्हणते, कारण मी तिची बहीण आहे. तो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. ताईनं मोबाइल घेतला. "स्वल्प डावीकडं या," ती म्हणाली. "अजून जवळ." चांगले फोटो काढले तिनं, नीट, उन्हाची तिरीप चुकवून.

मग हॉटेल. त्याच कोपऱ्यातलं टेबल, सहा प्लेट चौ चौ भात. सुनेनं खाराभात खाल्ला, केसरीभाताची मूद चमच्यानं टोचली आणि ठेवून दिली. तो बोलता बोलता वाकला आणि तिच्या प्लेटमधला केसरीभात ओढून खाऊ लागला.

माझी नजर ताईकडं गेली. ती त्याच्या चमच्याकडं बघत होती. निदान बायकोचं उष्टं खातोय, असं तिनं मनाला समजावलं असेल.

मग त्यानं बायकोची प्लेट संपवली आणि आईच्या प्लेटकडं वळला. सासूबाई सुनेला हसत म्हणाल्या, "बघून ठेव गं तुझा नवरा! लहानपणापासून असाच. कुणाच्या पानात गोड उरलेलं दिसलं की झालं, ओळखीचा असो नसो. लग्नाच्या पंगतीत परक्या म्हाताऱ्याच्या ताटातली जिलबी उचलली होती यानं!"

सगळे हसले. तोही हसला, डोळ्यांनी. चमचा हातात घेऊन त्यानं टेबलावर नजर फिरवली आणि ताईच्या प्लेटपाशी थांबला. तिथं केसरीभात होता, न शिवलेला. "ताई, तुम्हाला नको ना?"

"हवाय," ताई म्हणाली.

तिला गोड जात नाही, म्हणून सांगितलं ना मी. तिनं प्लेट स्वतःकडं ओढली आणि खाल्ला. भराभर नाही, एकेक चमचा, तुपासकट. मधे एकदा उबळ आली तर पाण्याचा घोट घेतला, भांडं वरून धरून. शेवटचा कण तिनं बोटानं टिपला. वेटर प्लेट उचलायला आला तेव्हा तिच्यात रव्याचा दाणासुद्धा नव्हता.

संध्याकाळी स्टेशनवर खिडकीतून त्याची आई म्हणाली, "पुढच्या वेळी आमचे भाऊ येतील, त्यांना पण दाखवा हं." ताई म्हणाली, "सरी." गाडी हलल्यावर ती प्लॅटफॉर्मवरच्या नळाशी जाऊन सगळं ओकली. मी तिची पाठ धरून उभी होते. तोंड धुऊन तिनं वेणीतला मोगरा काढला, कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि म्हणाली, "चल, आईबाबा जेवले नसतील."