मामांना न उलगडलेली गोष्ट

माझे सासरे एसटीत कंडक्टर होते. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. गाडी स्टँडवर थांबली की ड्रायव्हर चहाला जायचा आणि मामा शेवटच्या सीटवर बसून रहस्यकथा वाचायचे. निवृत्त झाल्यावर तर मिरजगावच्या वाचनालयातलं रहस्यकथांचं अख्खं कपाट त्यांनी संपवलं. खून कोणी केला हे पुस्तक अर्धं व्हायच्या आत सांगायचे, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

मग डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. चार दिवसांत मामांनी घर डोक्यावर घेतलं. शेवटी मीच पुस्तक हातात घेतलं.

"तुला जमंल का?" त्यांनी विचारलं.

मी दहावी झालेली. पोरांच्या धड्यांपलीकडे मोठ्यानं काही वाचलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मामा वैतागले. "अगं, मुडदा सापडलाय तिथं! जरा थांब की. भाजीचा भाव सांगितल्यावानी काय वाचतीस?"

मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना मी तेच पान चारदा म्हणून पाहिलं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, ते हळूहळू कळायला लागलं.

असंच एक भाषांतरित पुस्तक आलं. लेखक रहस्यकथांचा, पण शेवटची एक गोष्ट भुताची.

"ती सोड," मामा म्हणाले. "उत्तर सुचलं न्हाई की लेखक भूत घालत्यात."

"मग तुम्हीच उलगडून दाखवा ना," मी म्हणाले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यांना असं उलट बोलायची ती पहिलीच वेळ. मामा उशीला टेकून बसले. "वाच."

गोष्ट साधी होती. मुलगा परदेशी नोकरीला असतो. गावी एकटी आई. दोघांची पत्रं चालू असतात. एकदा आई लिहिते, मंगळवारच्या बोटीनं येऊ नकोस. तो थांबतो, आणि ती बोट बुडते. तो धावत घरी येतो, तर दाराला कुलूप. शेजारीण सांगते, तू गेलास त्याच महिन्यात आई वारली. तुझा पत्ता आमच्याकडे नव्हता.

"शेजारनीनं लिहिली पत्रं," मामा लगेच म्हणाले.

"तिला लिहिता येत नाही, मामा. इथंच दिलंय."

"मग पोस्टमन."

"तो मधेच बदलला. अक्षर तेच राहिलं."

"पोरगाच सोताला लिहीत असंल. डोक्यावर परिनाम."

"आणि बोट बुडणार हे त्याला आधीच कसं कळलं?"

मामांनी पुढे वाचायची खूण केली. मी शेवटचा परिच्छेद वाचला. मुलगा कुलूप तोडतो. दाराच्या फटीतून टाकलेली त्याची सगळी पत्रं आत पडलेली असतात. एकही फोडलेलं नसतं. आणि आईनं तर त्यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पाठवलेलं असतं.

मामा उशी सोडून ताठ बसले. मग म्हणाले, "परत वाच. पहिल्यापासनं."

त्या आठवड्यात ती गोष्ट मी तीनदा वाचली. रविवारी सकाळी मामा मला वाचनालयात घेऊन गेले. तिथे भुताची गोष्ट ऐकवतो असं सांगून त्यांनी दहा-बारा जुने सोबती जमवले होते. "दिवसाढवळ्या भूत व्हय?" एक जण हसला. मी पुस्तक टेबलावर ठेवून वाचायला लागले. बोटीपर्यंत आले तेव्हा हसणारे पुढे सरकले होते. कुणाचा तरी मोबाईल वाजला, तर सगळ्यांनी त्याच्याकडे डोळे वटारले. कुलूप तोडलं तिथे मी थांबले. पुरतं थांबले.

वाचून झाल्यावर मामा उठले. "सांगा, कुनी लिहिली पत्रं?"

कोणालाच सांगता आलं नाही.

"मलाबी न्हाई आलं. आन् वाचली कुनी, तर आमच्या सुनंनं!"

टाळ्या पडल्या. ग्रंथपालांनी खडू घेतला आणि बाहेरच्या फळ्यावर पुढच्या रविवारची वेळ लिहिली, खाली 'वाचन' लिहून माझं नाव. मी ते उभं राहून दोनदा वाचलं. मग मामांना मागे बसवून स्कूटी काढली आणि रस्ता मोकळा असतानाही उगाच हॉर्न वाजवत भर बाजारातून घरी आले.