हवेतली चाकं

गॅरेजमध्ये गाडीची पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली होती. पॉवर स्टिअरिंगच्या तेलात हवा शिरली होती. ती काढायला इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहायचं. मेकॅनिक बॉनेटखाली वाकून तेलातले बुडबुडे बघत होता.

"मी बसू का?" बाबांनी विचारलं. नजर अधू झाल्यापासून त्यांचं गाडी चालवणं आम्हीच बंद केलंय. पण चाकं तर हवेत होती. नाही कशाला म्हणायचं?

बसल्याबसल्या त्यांनी सवयीनं स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला. मग समोरच्या भिंतीकडे बघत फिरवू लागले. डावीकडे वळताना आरशातही बघितलं. चाकं निमूटपणे वळत होती, कुठेच न जाता. घरातही हल्ली आम्ही सगळं ठरवून झाल्यावर त्यांना विचारतो, "बाबा, चालेल ना?" ते "चालेल" म्हणतात. याहून वेगळं काय करायचं, खरंच कळत नाही.

"झालं काका, हवा गेली सगळी," मेकॅनिक म्हणाला.

बाबा फिरवतच होते.

"अजून असेल थोडी," मी त्याला हळूच म्हटलं, "बघा ना नीट."