घर विकण्याआधी स्वयंपाकघरात विचारणारे सुदामआप्पा

१९७४ सालच्या मे महिन्यातला पहिला रविवार, सकाळचे आठ. मी शिरूरला आमच्या घराच्या छपरावर कौले चाळत होतो. खालून अनोळखी आवाज आला, "खाली या आधी. घरात ऱ्हायचंय कुणाला ते ठरू द्या, छपराचं मागनं बघू." आदरणीय सुदामआप्पांची आणि माझी ही पहिली ओळख.

आप्पा तेव्हा दौंडला रेल्वेच्या बांधकाम खात्यात मिस्त्री होते. नोकरी संपत आलेली माणसे क्वार्टर सोडल्यावर कुठे राहावे, हे त्यांना विचारत. पुढे गावोगावचे वयस्कर घरमालकही मोठे घर ठेवावे की आवरते घ्यावे, यासाठी त्यांना बोलावू लागले. माझ्या वडिलांनीही तसेच बोलावले होते. आमच्या खोल्या पाच, राहणारे तिघे आणि आईचे गुडघे दुखरे. थोरला भाऊ दौंडला होता. घर विकून माझ्याकडे चला, असा त्याचा आग्रह. एक गिऱ्हाईक विसार द्यायला तयार होते. वडील म्हणत, "हिचा जीव या घरात. ही कुठली येती." मला दोन्हीकडून धास्ती होती. इथे आई पडली तर, आणि तिथे तिला करमले नाही तर.

आप्पांनी सगळे ऐकून घेतले, "वहिनी कुठायत?" म्हणाले आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले. आप्पा बौद्ध, म्हणून भावकीतल्या काहींनी यावरून पुढे नाके मुरडली. आईने मात्र चहाचा कप पुढे केला.

"तुमचं काय म्हणणं?" आप्पांनी विचारले.

आईने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मला आजवर कुणी इचारलंच न्हाई. पाच खोल्या झाडून झाडून वीट आलाय या घराचा."

"मग दौंडला जाता?"

"तिथं सुनेचा संसार हाय. मला दोन खोल्यांत माझी चूल मांडू द्या. नळ दारात पायजे. आन् गाव हेच. माझ्या बाया हितं हायत."

वडील दारात उभे होते. म्हणाले, "लोक म्हणतील, पाच खोल्यांचा मालक दोन खोल्यांत गेला."

"लोक झाडायला येत्यात का, मालक?" आप्पांनी विचारले.

तरीही आप्पांनी घर विका असे सांगितले नाही. तीन खोल्यांना कुलूप लावून दिवाळीपर्यंत दोनच वापरायच्या, आणि मधे महिनाभर दौंडला राहून यायचे, तेही नातवंडांची शाळा चालू असताना. "सणाला तुम्ही पाहुणे असता. त्यावरनं काय कळत न्हाई," असे ते म्हणाले.

आठवड्याच्या आत वडिलांनी किल्ली मागितली. आईने विचारले, "आतलं काय पायजे?" ते किल्ली न घेताच बाहेर जाऊन बसले. दौंडला भाऊ-वहिनीने काही कमी केले नाही, पण आपली खुर्ची कुठे टाकावी, हे वडिलांना महिनाभर कळले नाही. परत आल्यावर त्यांनीच आप्पांना निरोप धाडला, "दोन खोल्या बघा. नळाच्या."

घर विकले, तेव्हा गिऱ्हाईक आप्पांना दलाली देऊ लागले. आप्पा म्हणाले, "ती घेतली की मला सगळ्यांचीच घरं विकावीशी वाटतील."

कासुर्डीच्या एका आजोबांना मात्र त्यांनी हलू दिले नाही. त्यांचे मळ्यातल्या घरी उत्तम चालले होते. फक्त मोरी लांब होती. आप्पांनी स्वतः थापी हातात घेऊन घराला लागून नवी मोरी बांधून दिली.

आमचे सगळेच गोड झाले, असे लिहिणे खरे होणार नाही. वडील अजून कधीमधी जुन्या घरावरून एक चक्कर मारून येतात. आई नव्या घरी दुपारी दारात बसते आणि तिच्या बाया तिच्याकडे येतात.

आप्पांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना भरपूर आयुष्य लाभो, आणि त्यातला प्रत्येक दिवस हिंडताफिरता जावो. हा लेख आईला वाचून दाखवला, तेव्हा तिने आप्पांसाठी निरोप दिला. तो तिच्याच शब्दांत लिहितो: "आता आमचं काय ठरवायचं ऱ्हायलं न्हाई. नुसतं जेवायला या."