हर्षालीची सही

रंगूबाईंनी वहीतला कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा कपाळावर सरकवला. पंचवटीतल्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्षा.

"मनीषा, महिला दिनाला तुझ्या लेकीचा सत्कार आहे. कविता जरा दणदणीत हवी. रणरागिणी, दुर्गा, असं काहीतरी. हे काय, फोनबिन?"

मनीषाने कागद परत घेतला. दणदणीत कविता तिने आधीच लिहिली होती. चांगली पंधरा ओळींची, यमकात बसलेली. काल ती हर्षालीला वाचून दाखवली, तेव्हा हर्षाली डब्याचं झाकण लावत म्हणाली, "आई, छान आहे. पण यात मी कुठे आहे?"

मनीषाला रागच आला होता. लेकीचा की स्वतःचा, कोण जाणे.

हर्षाली द्राक्षांच्या प्रयोगशाळेत काम करायची. माल परदेशी जाण्याआधी बागेतले घड तिथे येत. त्यांत फवारणीचं औषध किती उरलंय ते ती तपासायची. तिने 'पास' लिहून सही केली की कंटेनर भरायचा, 'नापास' लिहून केली की थांबायचा. नमुन्यावर फक्त आकडा असतो, नाव नसतं. फेब्रुवारीत अशाच एका आकड्यापुढे तिने 'नापास' लिहिलं, आणि बाग निघाली निफाडच्या भारतमामाची. तोडणी तोंडावर असताना त्याने एक फवारणी जास्त केली होती. वेलींवर केवडा रोग येईल या धास्तीने.

भारत त्याच संध्याकाळी घरी आला होता. चहाला हात लावला नाही.

"ताई, पोरगी लय मोठी झाली तुझी. माझ्या खांद्यावर बसून घड तोडायची. आता माझाच माल इथल्या मंडईत वतायचा का? दुसरा नमुना घ्यायला सांग तिला."

हर्षाली दारातच उभी होती. "मामा, दुसरा घेतला तरी त्यात तेच औषध निघणार."

"माझी बाग हाय हे ठावं असतं तर?"

"तरी तेच लिहिलं असतं."

भारत उठला. चपला घालताना म्हणाला, "लग्नात अंतरपाटाच्या वेळी पाठीमागं कोण उभं राहतं, तेवढं तपासून ठेव."

लग्न एप्रिलअखेरीस होतं. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, आणि हर्षालीला मामा एकच. मनीषाने चार वेळा फोन केला. दर वेळी वहिनीच बोलली, "एप्रिलात खरडछाटणी हाय ना, त्यांना कुठलं जमतंय." मामा नाही तर कोण, हे विचारायला हर्षालीच्या सासरकडच्यांचाही फोन येऊन गेला. मनीषा सगळ्यांना "होईल काहीतरी" म्हणत राहिली, आणि ते म्हणण्याचाच तिला वीट आला.

प्रयोगशाळेत मोठमोठे बागायतदार हर्षालीपुढे उभे राहत. तीच हर्षाली रोज घरात शिरताना विचारायची, "निफाडहून काही आलं?" म्हणून मनीषाने दणदणीत कविता फाडून टाकली आणि ही लिहिली:

तुझ्या सहीने कंटेनर थांबतो.
घरी आल्यावर,
मामाचा फोन आला का, असं विचारताना
तुझा आवाज बारीक होतो.
मला दोन्ही ऐकू येतं.

"यात शौर्य कुठंय?" रंगूबाईंनी पुन्हा विचारलं.

"नाहीये," मनीषा म्हणाली. "वाचायची तर हीच वाचेन. नाहीतर नुसती ओटी भरा तिची."

घरी येऊन तिने पाचव्यांदा फोन लावला. पुन्हा वहिनीच बोलली, "हे मळ्यात गेलेत." मागे भारत खोकला.

"वहिनी, त्याला सांगा, रविवारी पत्रिका घेऊन येतेय. पोरीने सही बदललेली नाही, बदलणारही नाही. आणि मीही तिला बदल म्हणणार नाही. तो मळ्यातून येईपर्यंत ओट्यावर बसून राहीन."

पलीकडे भारत पुन्हा खोकला, आता फोनच्या अगदी जवळ. फोन कोणी ठेवला नाही.